नवी चाके घेताय? आधी शिवणाचा टेप आणा!

"गाडीखाली मांजर-बिंजर आलं काय गं?"

आत्यांनी मागच्या बाकावरून विचारलेला हा प्रश्न ऐकून आम्ही सगळे हसलो होतो. २०२२ ची दिवाळी नुकतीच झाली होती. पाडव्याला आमच्या बोलेरोला नवी चाके बसली होती आणि त्यांचा पहिला प्रवास म्हणून आम्ही उंब्रजहून चाफळच्या रामाला निघालो होतो. दर्शन झाले, प्रसाद झाला. मग मुलांनी हट्ट धरला म्हणून गाडी तशीच दाढोलीकडून सडावाघापूरच्या पठाराकडे वळवली. घाट लागला. डावीकडच्या पहिल्याच मोठ्या वळणावर उजव्या बाजूने आवाज आला, 'खर्र'! खवणीवर नारळ खवताना येतो ना, अगदी तसा. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा 'खर्र'. उजवीकडे वळताना मात्र काही नाही.

गाडी धाकटे दीर चालवत होते. ते म्हणाले, "काय न्हाई वहिनी, नवीन रबर हाय. चार दिवसांत बसंल जागंवर."

नव्या चपला चावतात आणि मग पायाला सरावतात, हे आपण सगळ्याजणी जाणतो. त्यामुळे मलाही ते पटले. मैत्रिणींनो, माझी चूक झाली ती तिथेच. चप्पल पायाला सरावते, पण टायर काही मडगार्डला सरावत नाही. तो घासत राहतो, आणि एक दिवस कापला जातो.

आता तुम्ही म्हणाल, या बाईंना स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, झालंच तर वाळवणं, एवढे विषय सोडून मोटारीच्या चाकांवर लिहायची हौस कुठून आली? हौस नाही हो, ठेच लागली! मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. सकाळी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, उरलेला दिवस घराचा. गणिताशी माझा संबंध वाण्याच्या बिलापुरता. पण त्या चार चाकांसाठी जे साठ हजार रुपये गेले त्यातले चाळीस माझ्या भिशीचे होते, आणि त्या गाडीत बसणाऱ्या सातजणांत माझी दोन मुले होती. एवढी कारणे मला पुरेशी वाटतात.

आमचे गाव पुणे-बंगळूर महामार्गावर. दिवसभर दारावरून गाड्या जातात. पूर्वी गाडी म्हटली की रंग बघायचे, आता तरुण मंडळी चाके बघतात. रुंद, बाहेर आलेली, चकचकीत अलॉयची चाके असली की गाडी 'भारी'. भावजींना नुकतीच नोकरी लागली होती, त्यांनाही वाटले आपली गाडी भारी दिसावी. त्यात गैर काय? आपणही साडीला फॉल-पिको करतोच की! "आहेत ती चाके काय वाईट आहेत?" असे हे एकदा म्हणाले आणि पेपरात डोके खुपसून बसले. मग भावजी माझ्याकडे वळले, आणि मी भिशीचा डबा उघडला.

शहरातल्या एका दुकानात चाके बसवली. तिथे मीही होते. चाके बसली, दुकानदाराने हाताने गरगर फिरवून दाखवली. "बघा ताई, कुठं काय लागतंय?" खरेच कुठे काही लागत नव्हते. आम्ही पैसे मोजले. नशिबाने जुनी लोखंडी चाके टायरांसकट घरी आणली. दुकानदार ती बदल्यात घेतो म्हणत होता, पण फुकटात वस्तू द्यायची नाही ही माझी खोड कामाला आली. ती गच्चीत एकावर एक रचून, वर फळी टाकून, मी त्यावर शेवंतीच्या कुंड्या ठेवल्या.

त्यानंतर 'खर्र' अधूनमधून येतच राहिले. चौघे-पाचजण बसले की येई, एकटे भावजी असले की नसे. म्हणून तर ते म्हणत, "मला कुठं येतोय आवाज?"

पुढे २०२३ च्या जानेवारीत पालच्या खंडोबाची यात्रा आली. देवाच्या लग्नाला सगळ्यांनी जायचे ठरले. आदल्या दिवशी मी गाडी धुवायला घेतली. ऊसवाहतुकीचे दिवस, मडगार्डात हा एवढा चिखल! तो काढताना उजवीकडच्या पुढच्या टायरवरून हात फिरला आणि बोट एका चिरेत गेले. टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे जमिनीला टेकणारा भाग संपतो आणि बाजू सुरू होते तिथे, गोल फिरत गेलेली चीर होती. कणसातून नखाने दाणे काढावेत तसे रबराचे तुकडे निघाले होते. एका जागी आतला धागा दिसत होता.

टायरच्या तळव्यात खिळा गेला तर पंक्चर काढता येते. बाजूच्या किंवा खांद्याच्या चिरेला असा इलाज नाही. तो भाग सतत दबतो आणि सुटतो, ठिगळ तिथे टिकत नाही. धागा दिसला की टायर संपला. भरधाव गाडीत तो फुटला असता तर, हा विचार त्या रात्री मी किती वेळा केला ते सांगत नाही. आम्ही पालला एस.टी.ने गेलो.

रिकामी गाडी आणि भरली गाडी

गावातले एक जुने मिस्त्री आहेत. त्यांना बोलावले. त्यांनी चाकाकडे बघितलेसुद्धा नाही, आधी मला विचारले, "ताई, दुकानात चाकं बसवली तवा गाडीत किती माणसं हुती?"

"कुणीच नव्हते."

"आन् गाडी जॅकवर हुती?"

"हो."

"मग लागणार कशाला?"

सगळे मर्म या दोन प्रश्नांत होते. गाडी जॅकवर असली की चाक खाली लोंबते, मडगार्डापासून अगदी दूर. जमिनीवर रिकामी उभी केली की थोडे जवळ येते. सातजण बसले, टपावर बोचकी पडली, की आणखी जवळ. बोलेरोला पुढे स्प्रिंगा आणि मागे पाटे असतात. खड्डा आला की ते दबतात आणि चाक पोकळीत वर शिरते. घाटात डावीकडे वळताना गाडीचा सगळा भार उजव्या अंगावर झुकतो, म्हणजे उजवे पुढचे चाक सगळ्यात जास्त वर जाते. त्याच वेळी ते स्टिअरिंगने फिरलेलेही असते. त्याची पुढची कड आत जाते, मागची कड बाहेर येते, आणि ती बाहेर आलेली कड मडगार्डाच्या मागच्या पत्र्याला भेटते. 'खर्र'! आमचा आवाज फक्त डाव्या वळणावर आणि फक्त माणसे असतानाच का येई, हे मला तेव्हा कळले. इतके दिवस तो आवाज आम्हाला सगळे सांगत होता, आम्हीच त्याला मांजर म्हणत होतो.

घरातली गाडी आपण रिकामी कधी वापरतो? लग्नाला, देवाला, माहेरी, दवाखान्यात, भरूनच जातो. आणि दुकानात ती रिकामी तपासली जाते.

टायरची कुंडली

मिस्त्री म्हणाले, टायर फार मोठे घातलेत. मी विचारले, किती मोठे? त्यांनी दोन बोटे दाखवली. एवढ्यावर माझे समाधान होईना. मी गच्चीतल्या जुन्या टायरवर वाचले: २१५/७५ आर १५. नव्यावर होते २३५/७५ आर १५. दुकानदार म्हणाला होता, "फक्त वीसचा फरक." वीस काय? किलो, इंच, रुपये?

हे वाचायला शिकणे पोळीइतके सोपे आहे. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या बाजूची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. 'आर' म्हणजे रेडियल, आतले धागे आडवे टाकलेला टायर. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली त्याचे पेटंट घेतले. शेवटचा आकडा रिमचा व्यास, तो मात्र इंचात! एकाच ब्लाऊजची छाती सेंटीमीटरमध्ये, बाही टक्क्यांत आणि उंची इंचात घ्यावी, असा हा प्रकार. पण जगभर चालतो, आपण काय करणार!

आता हिशेब बघा. जुन्या टायरची रुंदी २१५, तिचे ७५ टक्के म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. ही बाजूची उंची रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून दुप्पट, ३२२.५. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण चाकाची उंची ७०३.५ मिलिमीटर. नव्याची करा: २३५ चे ७५ टक्के १७६.२५, दुप्पट ३५२.५, अधिक ३८१, बेरीज ७३३.५.

म्हणजे चाक तीन सेंटीमीटरनी उंच झाले. मधली गोम ध्यानात आली का? रुंदी वाढवली आणि टक्के तेच ठेवले, तर उंची आपोआप वाढते. 'फक्त वीस'मध्ये हे तीस लपलेले होते. रुंद टायर हवाच होता तर टक्के कमी करायचे. २३५/७० आर १५ घेतला असता तर उंची ७१० भरली असती, जुन्यापेक्षा साडेसहा मिलिमीटरच जास्त. चाकाच्या उंचीतला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा असे जाणकार सांगतात. आमचा सव्वाचार टक्के होता.

या सव्वाचार टक्क्यांनी आणखी एक गंमत केली. गाडीचा काटा चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण काट्याला ते कळत नाही. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या वर पळत असते. हजार किलोमीटरची नोंद होते तेव्हा प्रत्यक्षात जवळजवळ १०४३ झालेले असतात. त्यामुळे "नवी चाकं बसल्यापासून डिझेल जास्त लागतंय" ही भावजींची तक्रार थोडी खरी आणि थोडी हिशेबातली चूक होती.

मोठे टायर वाईटच असतात असे मात्र मी म्हणणार नाही. गाडीचे पोट जमिनीपासून पंधरा मिलिमीटर वर जाते, खडबडीत रस्त्याला बरे पडते. महिंद्राच्याच थारला कारखान्यातून २५५/६५ आर १८ टायर येतात. हिशेब केलात तर ते ७८९ मिलिमीटरच्या आसपास उंच भरतात, आमच्या नव्यांपेक्षाही मोठे. पण थारच्या मडगार्डाची पोकळी त्या मापाने ठेवलेली असते. दादाचा शर्ट धाकट्याला घातला तर बाही लोंबते, धाकट्याचा दादाला घातला तर उसवतो. शर्ट दोन्ही चांगलेच असतात!

टायरवर या मापापुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असते, तेही बघून घ्या. आमच्या जुन्यावर होते १०० एस. शंभर म्हणजे शंभर किलो नव्हे, बरं का! तो तक्त्यातला क्रमांक आहे, त्याचा अर्थ एका टायरला ८०० किलो भार. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. नवा टायर घेताना हा क्रमांक जुन्यापेक्षा खाली जाता कामा नये. बाजूवर लांबट चौकटीत चार आकडी तारीखही असते. '२३२२' दिसले तर २०२२ सालातल्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. दुधाच्या पिशवीची तारीख बघणाऱ्या आपण, ही बघायला काय हरकत आहे?

बाहेर आलेले चाक

एवढ्याने भागले असते तर बरे. आमचे रिमही वेगळे होते. ते जुन्यापेक्षा रुंद तर होतेच, शिवाय बाहेर आलेले होते. हेच तर 'भारी' दिसण्याचे रहस्य!

रिमच्या आतल्या बाजूला 'ईटी' अशी अक्षरे आणि पुढे आकडा कोरलेला असतो. रिमच्या रुंदीची मध्यरेषा धरा. गाडीला जो भाग नटांनी आवळला जातो तो या मध्यरेषेपासून बाहेर किती मिलिमीटर आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा तितके चाक आत, लहान तितके बाहेर. समजा जुन्या रिमवर ईटी ४० आहे आणि नव्यावर ईटी २०. चाक वीस मिलिमीटर बाहेर आले. त्यात नवा रिम एक इंचाने रुंद असेल, तर तो इंच दोन्हीकडे निम्मा वाटला जातो. बाहेरची कड आणखी पावणेतेरा मिलिमीटर बाहेर, म्हणजे एकूण सुमारे तेहेतीस. आतली कड मात्र जुन्यापेक्षा सात मिलिमीटर दूरच राहते.

मला वाटले, मग चांगलेच की! आतल्या लोखंडाला, ब्रेकच्या पाइपला लागणार नाही. अर्धे खरे आहे. ब्रेकच्या रबरी पाइपला टायर लागणे हा सगळ्यात वाईट प्रकार, तो टळतो. पण स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्या खुंट्याभोवती वळते त्याच्यापासून बाहेरची कड जितकी लांब, तितका मोठा घेर घेऊन ती फिरते. जात्याचा खुंटा लांब असला की हात मोठ्या घेराने फिरतो ना, तसेच. त्या मोठ्या घेरात पुढे बंपरचा कोपरा येतो, मागे मडगार्डाचा पत्रा आणि चिखल अडवणारे रबर येते. सरळ रस्त्यावर बोटभर लांब असलेली कड वळणावर पत्र्यात घुसते.

नटांची भोके जुळतात म्हणून रिम जुळला असेही नाही. भोकांची संख्या, ती ज्या वर्तुळावर पाडली आहेत त्याचा व्यास, मधले मोठे भोक आणि नटांचे बूड, चारही जुळायला हवेत. लोखंडी रिमचे नट अलॉयला चालतातच असे नाही. आणि चाके बदलल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायचे. आम्हाला हे कुणी सांगितले नव्हते.

घासते म्हटल्यावर भावजी मित्रांकडून उपायांची भली मोठी यादी घेऊन आले. स्पेसर, म्हणजे चाक आणि गाडी यांच्या मध्ये घालायची चकती. ती चाकाला आणखी बाहेर ढकलते! आत घासत असेल तर उपयोग, आमच्या गाडीला उलट घात झाला असता. शिवाय बेअरिंगवर ताण. दुसरा उपाय, मडगार्डाची कड ठोकून आत वळवायची. होते तसे, पण रंगाला तडा गेला की पावसाळ्यात गंज धरलाच. तिसरा, स्टिअरिंग पुरते वळूच द्यायचे नाही अशी अडकण लावायची. आमच्या बोळात गाडी वळवायला आधीच तीनदा मागे-पुढे करावे लागते, मग पाचदा करावे लागले असते. चौथा, स्प्रिंगा बदलून गाडीच दोन इंच उचलायची. यावर आत्याच म्हणाल्या, "मग मला चढायला शिडी आणा." त्यांच्या गुडघ्यांनी तो प्रश्न निकाली काढला. उंच गाडी वळणावर जास्त कलते हे मिस्त्रींनी वर सांगितलेच.

कायदाही बघायला हवा. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचे कलम ५२. कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आर.सी. बुकातली नोंद वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितले. म्हणून कारखान्याने आपल्या मॉडेलला जी मापे दिली आहेत त्यांतलेच माप घेणे शहाणपणाचे. ती गाडीच्या पुस्तकात असतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाची पट्टी असते, तिथेही सापडतात. वेगळे काही करणारच असाल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारा. अपघातानंतर विचारून उपयोग नाही.

कणकेचा गोळा

आता माझी युक्ती सांगते. युक्ती माझी म्हणते, पण निम्मी मिस्त्रींची आहे. ते म्हणाले, कुठं किती जागा उरते ते भरल्या गाडीत मापायला पाहिजे, पण चालत्या गाडीत हात कोण घालणार? मी म्हटले, कणीक घालेल!

पुरीला भिजवतो तशी घट्ट कणीक घ्यायची. ज्वारीचे पीठ नको, ते सुटून पडते. मडगार्डाची आतली बाजू धुऊन, कोरडी करून, जिथे टायर लागेल अशी शंका आहे तिथे लिंबाएवढे गोळे चिकटवायचे. बंपरच्या कोपऱ्यामागे एक, पायदानाच्या पुढे एक, वर कमानीत एक, आत चेसिसच्या बाजूला एक. हे करताना गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद आणि किल्ली तुमच्या स्वतःच्या कनवटीला! जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोके घालायचे नाही. टायरच्या खांद्यावर आत-बाहेर रंगीत खडू चांगला जाड फासायचा. आमच्या घरी खडूंना तोटा नाही.

मग गाडीत नेहमीची माणसे बसवायची. माणसे नसली तर धान्याची पोती. मोकळ्या पटांगणात अगदी सावकाश स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुढे आणि मागेही. मागे घेतानाच घासणारी चाकेही असतात. एखाद्या गतिरोधकावरून तिरपे जायचे, म्हणजे एक चाक वर आणि एक खाली होते. झाले. गाडी थांबवून बघा. जिथे खडूचा रंग उठला तिथे टायर लागला. जिथे गोळा चेपला तिथे सुरीने कापून उरलेली जाडी मोजा. बोटाच्या रुंदीएवढी तरी उरायला हवी, असा मिस्त्रींचा हिशेब. चिखल, पाऊस, स्प्रिंगा जुन्या होऊन बसणे, सगळे त्या बोटभर जागेत सामावायचे असते.

आम्ही ही परीक्षा ती रुंद चाके उतरवण्यापूर्वी केली. कापलेल्या टायरच्या जागी स्टेपनी नव्हे (ती जुन्या मापाची होती), गावातल्या एकाकडून तेवढ्या मापाचा टायर तासाभरासाठी मागून आणला. आत्या, नणंदबाई, हे, मी, मुले, सगळे बसलो. पटांगणात बघ्यांची गर्दी जमली. पायदानापुढचा गोळा भाकरीसारखा सपाट होऊन पत्र्याला चिकटला होता आणि पत्र्यावर निळ्या खडूची ठसठशीत कमान उठली होती. भावजी बराच वेळ तिथे उकिडवे बसून बघत राहिले. मी काहीच बोलले नाही. बोलायचे पुष्कळ मनात होते, पण निळी कमान माझ्यापेक्षा स्पष्ट बोलत होती.

स्टेपनीचे निघालेच आहे तर सांगते. चार चाके एका मापाची आणि स्टेपनी दुसऱ्या मापाची, अशी आमची पाच महिने तरी चालली असती. मागच्या दारावर टांगलेले ते पाचवे चाक कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. आडरानात पंक्चर झाले असते तर एका बाजूला उंच आणि एका बाजूला बुटके चाक लावून लंगडत घरी यावे लागले असते. चाकांचा खर्च धराल तेव्हा पाचाचा धरा.

जुनी चाके गच्चीतून खाली आली. कुंड्या जमिनीवर गेल्या. नवे रिम आणि उरलेले तीन टायर विकून बावीस हजार हाती आले. साठातले अडतीस हजार गेले. भावजींनी आपण होऊन दर महिन्याच्या पगारातून दोन हजार माझ्या हातावर ठेवायला सुरुवात केली. आत्या म्हणाल्या, घरातल्या घरात कसला हिशेब? मी मात्र नको म्हटले नाही. एकोणीस महिने घेतले, २०२४ च्या सप्टेंबरात शेवटचे.

हौस मात्र गेली नव्हती, आणि ती जावी असे मलाही वाटत नव्हते. त्या दसऱ्याला पुन्हा अलॉयचे रिम घेतले, पंधरा इंचीच, जुन्याच रुंदीचे आणि जुन्याच ईटीचे. टायर कंपनीच्या मापाचे, २१५/७५. दुकान वेगळे होते. "पैसे देण्याआधी गाडी भरून फिरवून बघणार" असे मी म्हटल्यावर दुकानदार आधी हसला. पर्समधून शिवणाचा टेप, खडू आणि डब्यातली कणीक निघाल्यावर हसायचा थांबला. सगळे गोळे शाबूत राहिले. दिसायला चाके पहिल्या रुंद चाकांइतकी भारी नाहीत, हे भावजी अजून बोलून दाखवतात.

लोखंडी रिम पुन्हा गच्चीत गेले आहेत, आणि शेवंतीच्या कुंड्या पुन्हा त्यांच्यावर चढल्या आहेत.